जॉस्लिनचे वाचक

हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमध्ये आयल्सा बरिज समोरून येताना दिसली, की भलेभले डॉक्टर वाट बदलायचे. एकाने तर तिला चुकवायला कपडे धुण्याच्या विभागातून वळसा घेतला. आयल्साचं ग्रंथालय नेमकं त्याच विभागाला लागून, त्यामुळे बिचारा थेट तिच्या दारातच येऊन उभा राहिला.

"आलाच आहेस तर लेख देऊन जा," ती म्हणाली.

टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं ते हॉस्पिटल काही मोठं नव्हतं. पण तिथल्या माणसांनी लिहिलेलं, छापून आलेलं सगळं हॉस्पिटलच्या डिजिटल भांडारात जमा झालं पाहिजे, म्हणजे जगात कुठेही कुणालाही ते फुकट वाचता येईल, हा आयल्साचा ध्यास होता. आणि या कामातली गोम अशी, की मासिकाने छापलेली देखणी प्रत भांडाराला चालत नाही. तिच्यावर मासिकाचा हक्क. लेखकाने स्वतः टाइप केलेली शेवटची फाइल लागते, आणि ती फाइल जगात कुठल्याही लेखकाला कधीही सापडत नाही. "पोराचं लग्नसुद्धा झालं, आता त्याचा पहिला लंगोट कुठे शोधू?" असं एक सर्जन तिच्यावर खेकसला होता. तरी तिने तो लंगोट शोधायला लावलाच.

आपणहून आली अशी एकच बाई. जॉस्लिन फेबी.

जॉस्लिन शेताशेतांवर फिरणारी नर्स. गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यांची खोकी, पुढच्या सीटवर बेकरीतली एखादी पाई, शिंपल्यांचं सारण भरलेली. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ती अशीच पाई घेऊन ग्रंथालयात आली आणि टेबलावर आधी पाई ठेवली, मग पेन ड्राइव्ह. लेखाचं नाव चांगलं दोन ओळींचं होतं. मथितार्थ एवढाच, की साखरेचा विकार असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाकून स्वतःचा तळवा बघता येत नाही आणि जखम झालेली कळत नाही. तेव्हा दूध काढायच्या शेडमध्ये, जिथे तो गमबूट उतरवतो तिथेच, भिंतीला अगदी जमिनीलगत एक आरसा ठोका. आकृती दोनमध्ये तो आरसा होता, आणि आरशात एक रुंद, भेगाळलेला तळवा.

"हा कुणाचा गं?" आयल्साने विचारलं.

"मर्व्हचा. दुसऱ्या कुणाचा फुकट मिळणार? आणि घाबरू नकोस, रीतसर सही घेतलीय त्याची. एरवी बँकेच्या कागदावर सही करायला आठवडा लावतो. या वेळी एवढंच विचारलं, तोंड नाही ना येत फोटोत?"

मर्व्ह म्हणजे तिचा नवरा. गाई आणि बटाटे. आयल्साच्याच शाळेतला, दोन-तीन वर्ग पुढे.

"पण हे वाचणार कोण?" जॉस्लिन म्हणाली. "इथल्या म्हाताऱ्यांना मी तोंडाने सांगतेच आहे."

"कोण ते नाही कळणार, पण किती ते कळेल. दर महिन्याच्या एक तारखेला भांडारच तुला मेल पाठवतं, गेल्या महिन्यात तुमचा लेख इतक्या जणांनी उघडला म्हणून."

जॉस्लिनने घरचा पत्ता दिला. हॉस्पिटलचा मेल तिने जन्मात उघडलेला नव्हता. जाता जाता दारात वळून ती म्हणाली, "आणि हे बघ, यापुढे मी काहीही खरडलं तर घेऊन टाक. विचारायला येऊ नकोस. मी कुणाच्या तरी शेडमध्ये ओणवी असेन."

"असं नाही चालत. दर वेळी लेखकाची संमती लागते."

"मग आत्ताच घे की. दिली. जन्मभराची दिली."

"तसा रकाना नाही," आयल्सा म्हणाली, आणि ते तिने इतक्या गंभीरपणे म्हटलं, की जॉस्लिन हसत हसतच गाडीपर्यंत गेली.

जॉस्लिनने आणखी एक लेख लिहिला. तो आजारपणात लिहिला, आणि छापून आला तेव्हा ती हॉस्पिटलात दुसऱ्या बाजूला होती, पलंगावर. "फाइल देते गं, घरी गेले की देते," असं दोनदा म्हणाली. आयल्साने तिसऱ्यांदा विचारलं नाही. साऱ्या हॉस्पिटलला फाइलसाठी पिडणारी ही बाई त्या खोलीत नुसती बसायची आणि बेकरीत नवीन काय आलंय ते सांगायची. एप्रिलमध्ये, बटाटे काढायचे चालू असताना, जॉस्लिन गेली. भांडारात त्या दुसऱ्या लेखाचं नुसतं नाव राहिलं. नावाखाली एक बटण: लेखकाकडे प्रत मागा.

ऑगस्टमध्ये आयल्साने दरवर्षीप्रमाणे भांडाराची झाडलोट केली. बंद पडलेले पत्ते, सोडून गेलेले डॉक्टर, एकाच माणसाच्या दोन नोंदी. हे करताना जॉस्लिनचं पान उघडलं. भांडार अजून मेल पाठवत होतं. मे महिन्यात, जूनमध्ये, जुलैमध्ये, आणि याही महिन्यात, एक तारखेला सकाळी सकाळी, त्या घरच्या पत्त्यावर: नमस्कार जॉस्लिन, गेल्या महिन्यात आपला लेख इतक्या वाचकांनी उघडला. अभिनंदन!

"अभिनंदन," आयल्सा स्वतःशी मोठ्याने म्हणाली. बायको जाऊन चार महिने झालेत आणि आमचं यंत्र त्या माणसाच्या घरात जाऊन उद्गारचिन्हं टाकतंय! तिला इतकी लाज वाटली, की चहा राहिला बाजूला, तिने तिथल्या तिथे तो पत्ता काढून टाकला. मर्व्हला फोन करून माफी मागावी असंही मनात आलं. पण माफी मागायची म्हणजे पुन्हा तेच उगाळायचं. नकोच ते.

चहाच्या खोलीत तिने हे नोएलीनला सांगितलं. नोएलीन नर्सांची प्रमुख, जॉस्लिनची जुनी मैत्रीण.

"बरं केलंस," नोएलीन म्हणाली. "मर्व्ह तर अलीकडे कुणाशी बोलतच नाही. त्यात हे कशाला."

आयल्साला आपण चांगलं काम केल्याचं समाधान वाटलं, आणि अशा समाधानाचं जे व्हायचं तेच पुढे झालं.

ऑक्टोबर सरता सरता, गाईंची विण्याची धांदल संपल्यावर, एका सकाळी मर्व्ह फेबी ग्रंथालयात आला. म्हणजे आयल्साला आधी दिसले ते त्याचे मोजे. गमबूट त्याने बाहेर कॉरिडॉरमध्ये, दाराशी, शेजारी शेजारी नीट लावून ठेवले होते. धुलाईची गाडी ढकलणारी बाई त्यांना वळसा घालून पुढे गेली.

"अरे, बूट घालून आलास तरी चालतं इथे," आयल्सा म्हणाली.

"शेण आहे त्यांना," मर्व्ह म्हणाला, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. टोपी गुडघ्यावर.

मग तो पावसावर बोलला. पाऊस बरा झालाय पण वारा बटाट्याला चांगला नाही यावर बोलला. आयल्साच्या नवऱ्याची पाठ कशी आहे ते विचारलं. आयल्साने पाठीची सगळी हकीकत सांगितली. या भागातला शेतकरी कामाचं बोलायला आला, की अर्धा तास कामाचं सोडून सगळं बोलतो, हे आयल्साला ठाऊक होतं. ती थांबली.

"तो तुमचा मेलवाला," मर्व्ह शेवटी म्हणाला. "तो आजारी आहे का?"

"कोण मेलवाला?"

"एक तारखेला पाठवतो तो. जॉस्लिनच्या लेखाचं."

आयल्साने हातातलं पेन खाली ठेवलं.

"कारण सप्टेंबरला आला नाही. म्हटलं असेल काही. ऑक्टोबरलाही नाही आला. मग वाटलं, माझ्याकडूनच काही बिघडलं असेल. नाहीतर," तो टोपी फिरवत म्हणाला, "नाहीतर कुणी वाचलंच नसेल. शून्य असलं की पाठवत नाही का तो? तसं असेल तर सांग. मला चालेल. मला फक्त कळलं पाहिजे."

"मर्व्ह, तो माणूस नाहीये. यंत्र आहे ते. आपोआप जातं."

"असं होय." त्याला जरा वाईट वाटल्यासारखं झालं. "मी एकदा त्याला आभाराचं पाठवलं होतं."

आयल्साला आता पळून जावंसं वाटत होतं. आपल्याच ग्रंथालयातून. "आणि ते मी बंद केलं," ती म्हणाली. "मला वाटलं तुला त्रास होत असेल. तिचं नाव घेऊन असं काहीतरी दर महिन्याला घरात येतंय. मला लाज वाटली रे. तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. अतिशहाणपणा केला."

मर्व्हने तिच्याकडे पाहिलं. रागावला नव्हता. कोड्यात पडला होता.

"त्रास? ती असताना मीच वाचून दाखवायचो तिला. एक तारखेला, नाश्त्याला. तिचे हात कायम पिठात नाहीतर पट्ट्यांत. मी म्हणायचो, जॉस, गेल्या महिन्यात एकोणीस जणांनी वाचला तुझा लेख. ती म्हणायची, त्यातला एक तूच असशील. मी म्हणायचो, असणारच, नाहीतर नवरा कशाला केलास? दर महिन्याला हेच. तीच थट्टा. आम्हाला दुसरी सुचलीच नाही कधी."

तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ती गेल्यावर मी तसाच वाचत होतो. मोठ्याने. कुत्रं ऐकतं. पण आयल्सा, मला तुला एक सांगायचंय, आणि नोएलीनला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"ती गेल्यावर मी तो लेख रोज उघडायला लागलो. सकाळी एकदा, झोपताना एकदा. आकडा पडू नये म्हणून. म्हटलं, तिला आता शून्य वाचून दाखवायचं जिवावर येईल. मग आकडा वाढला की मला बरं वाटायचं, आणि मग मनात यायचं, अरे लबाडा, हे सगळे तूच आहेस. दुसरं कुणी नाहीच. सगळे वाचक म्हणजे एकटा मर्व्ह फेबी, त्याला तर सगळं पाठ, पायसुद्धा त्याचाच." तो हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "तेच विचारायला आलोय. मला वजा केलं, तर उरतं का कुणी?"

आयल्साने आपली खुर्ची सरकवली, त्याची खुर्ची स्वतःच्या शेजारी ओढली आणि भांडाराचं ते पान उघडलं जे फक्त तिलाच दिसायचं. उत्तर तिलाही माहीत नव्हतं. गावच्या नर्सचा लेख, पायाच्या तळव्यावरचा. महिन्याला वीस-तीस वाचक. त्यातून हा माणूस वजा केला, तर काय उरेल? आणि काही उरलं नाही, तर ती काय सांगणार होती? खोटं तिला बोलता येत नव्हतं. आजवर तिला त्याचा अभिमान होता, आज नव्हता.

"हे बघ," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला सुटकेचा सुस्कारा त्यालाही ऐकू गेला असेल. "एका कॉम्प्युटरवरून महिन्यात कितीही वेळा उघड, हे यंत्र एकदाच मोजतं. तू दिवसातून दोनदा उघडलंस, तरी महिन्याला तू एकच."

"एकच?"

"एकच. बाकीचे तू नाहीस."

मर्व्ह पडद्याकडे वाकला. पडद्यावर नकाशा होता आणि नकाशावर निळे ठिपके. आयल्सा बोट ठेवून नावं वाचत गेली. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला दोन. पश्चिम ऑस्ट्रेलियात, जिथे शंभर किलोमीटरमध्ये एक घर असतं, तिथे एक. सामोआत काही. फिजीत सुवाला बरेच. टोंगात, वावाऊ बेटावर, एक चांगला जाडजूड ठिपका, कारण तिथून दर महिन्याला कुणी ना कुणी उघडत होतं.

"टोंगा," मर्व्ह म्हणाला. "तिथे गाई आहेत?"

"फारशा नसाव्यात."

"मग आरसा कुठे ठोकतात?" त्याने जरा विचार केला. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "म्हणजे टोंगात माझा पाय पाहिलाय लोकांनी."

"दर महिन्याला पाहतायत."

"अरे देवा. धुतलासुद्धा नव्हता." आणि आता मात्र त्याला हसू आलं, खरंखुरं, आणि हसता हसताच त्याने टोपीने डोळे पुसले. आयल्साही पुसत होती. बाहेर धुलाईची गाडी पुन्हा त्याच्या बुटांना वळसा घालून गेली.

हे इतक्यावर मिटलं असतं तर आयल्सा सुटली असती. पण जॉस्लिनच्या पानावर वर कोपऱ्यात एक लाल खूण होती आणि ती तिने आधी कधी पाहिलेली नव्हती. तिने ती दाबली. दुसऱ्या लेखासाठी कुणीतरी ते बटण वापरलं होतं: लेखकाकडे प्रत मागा. अशी मागणी लेखकाच्या पत्त्यावर जाते. पत्ताच नसल्यामुळे ती इथे अडकून पडली होती. ऑगस्टच्या अखेरीपासून. तिने पत्ता काढल्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून.

आयल्साने ती आधी मनात वाचली, आणि मग, लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून, मोठ्याने वाचली. वावाऊच्या लोसालिने नावाच्या नर्सने लिहिलं होतं: "प्रिय सिस्टर जॉस्लिन, तुमच्या लेखातला आरसा आम्ही चर्चच्या दाराशी लावला, कारण चपला सगळे तिथेच काढतात. म्हातारे हसतात, पण बघतात. तुमचा दुसरा लेख बूट काढायला लावण्याबद्दल आहे असं नावावरून दिसतं. तो विकत घ्यायचा तर आमच्या दवाखान्याला परवडत नाही. तुम्ही तुमची प्रत पाठवाल का? आमच्यासाठी प्रार्थना करा, आम्ही तुमच्यासाठी करतो."

"दोन महिने झाले," आयल्सा म्हणाली. "माझ्यामुळे पडून राहिलं. आणि आता पाठवू म्हटलं तरी माझ्याकडे फाइल नाही. मासिकाची प्रत मला देता येत नाही. जॉस्लिनची स्वतःची फाइल लागते."

"तिचा कॉम्प्युटर आहे तसाच आहे घरी," मर्व्ह म्हणाला.

"त्यातली फाइल फक्त घेऊन ये. मिळेल तेव्हा. घाई नाही."

मर्व्ह उठला. दाराशी जाऊन त्याने बूट चढवले. "टोंगाची बाई दोन महिने थांबलीय," तो तिथूनच म्हणाला, "आणि तू म्हणतेस घाई नाही?"

दुपारी तो परत आला. या वेळी तो पाठमोरा आत आला, कारण हातात ओझं होतं. वासरांवर थंडीत घालतात त्या घोंगडीत त्याने जॉस्लिनचा अख्खा कॉम्प्युटर गुंडाळून आणला होता. पडदा, खोकं, कीबोर्ड, माऊस, आणि भिंतीतला प्लगसुद्धा.

"मर्व्ह! फाइल आणायला सांगितली होती."

"कुठली ती कळेना. म्हटलं, सगळंच न्यावं, म्हणजे काही राहायला नको."

आयल्साने टेबलावरची पुस्तकं हलवली आणि दोघांनी मिळून तो कॉम्प्युटर उभा केला. कीबोर्डच्या फटींत पीठ होतं. फाइली भराभर सापडल्या, पण एक नव्हे, पाच. आयल्साने नावं मोठ्याने वाचली. पहिलीचं नाव होतं: मर्व्हचे मोजे. दुसरी: मर्व्हचे मोजे शेवटचं. तिसरी: मर्व्हचे मोजे खरंच शेवटचं. चौथी: मर्व्हचे मोजे मेले हे. आणि पाचवी: मर्व्हचे मोजे आता हात लावू नकोस.

"यातली शेवटची कुठली?" मर्व्हने विचारलं.

"आता हात लावू नकोस," आयल्सा म्हणाली. एवढी वर्षं लेखकांत काढल्यावर तिला एवढं कळत होतं.

लेख काय म्हणत होता? जॉस्लिनने पहिल्याच पानावर सांगून टाकलं होतं. शेतकरी दवाखान्यात पाय दाखवत नाही. बूट काढा म्हटलं की त्याला काहीतरी काम आठवतं. पण कुणाच्याही घरात शिरताना तोच शेतकरी दाराशी बूट काढतो, कुणी न सांगता, आणि मोज्यांत येऊन स्वयंपाकघरात बसतो. तेव्हा त्याला दवाखान्यात बोलावू नका. किटली ठेवा, शेजारपाजारचे चार म्हातारे चहाला बोलवा, आणि पाय तिथे तपासा. अर्धं काम दाराशीच झालेलं असतं.

आयल्साची नजर मर्व्हच्या मोज्यांकडे गेली. त्याची तिच्या नजरेकडे गेली.

मग जमा करण्याचं काम सुरू झालं. नाव, वर्ष, मासिक, हॉस्पिटलचा विभाग. आयल्सा टाइप करत होती, मर्व्ह शेजारी बसून होता. शेवटच्या पानावर एक चौकोन होता आणि त्यापुढे वाक्य: मी या लेखाची लेखक आहे किंवा मला लेखकाची संमती आहे.

"जमा करणारा तू, म्हणून हे तू दाब," आयल्सा म्हणाली आणि माऊस त्याच्याकडे सरकवला.

मर्व्हने वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. माऊसवरचा हात काढून घेतला.

"मी तिला विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

"मर्व्ह..."

"नाही, खरंच नव्हतं विचारलं. ती म्हणायची फाइल द्यायचीय, पण देऊ का असं मी विचारलं नाही, आणि ती दे असं म्हणाली नाही. आणि आता कुणाला विचारू? ती नसताना मी तिची एकही गोष्ट इकडची तिकडे केली नाही, आयल्सा. तिचा कोट अजून खुंटीला आहे. इथे खोटं कसं दाबू?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अरे नियमाचं एवढं काय घेऊन बसलास. पण नियमाचं घेऊन बसणाऱ्यांत आयल्सासारखी दुसरी नव्हती, आणि म्हणूनच त्याची अडचण तिला पुरती समजली. मग तिला दारात वळलेली जॉस्लिन आठवली, पाईच्या वासासकट.

"तिने दिलीय," आयल्सा म्हणाली. "मला दिलीय. इथेच, या दारात उभी राहून. म्हणाली, यापुढे मी काहीही खरडलं तर घेऊन टाक, विचारायला येऊ नकोस, मी कुणाच्या तरी शेडमध्ये ओणवी असेन. मी म्हटलं, दर वेळी संमती लागते. ती म्हणाली, मग आत्ताच घे. दिली. जन्मभराची दिली."

"असं म्हणाली?"

"शब्द न् शब्द."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, तसा रकाना नाही."

मर्व्हच्या छातीतून हसू फुटलं आणि ते अर्ध्यावरच दुसरं काहीतरी झालं. त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला. आयल्साने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला, जितका वेळ लागला तितका. मग त्याने नाक पुसलं, माऊस धरला आणि एका जाड बोटाने तो चौकोन दाबला.

लोसालिनेला फाइल गेली तेव्हा टोंगात संध्याकाळ झाली असेल. आयल्साने तिला चार ओळी लिहिल्या, आणि जॉस्लिन आता नाही हेही लिहिलं.

"आणि एक तारखेचं?" मर्व्हने घोंगडी घडी करत विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"आता जमा करणारा तू आहेस, त्यामुळे मेल तुलाच येणार. नियमानेच. पण यंत्र लेखकाचं नाव घेऊन सुरू करतं. नमस्कार जॉस्लिन. मला ते बदलता येतं. तुझं नाव घालू?"

मर्व्हने कॉम्प्युटर उचलला. "नको," तो म्हणाला. "मला तिचंच टपाल उघडायची सवय आहे."

डिसेंबरच्या एक तारखेला त्याने आयल्साला नाश्त्याला बोलावलं. असं तो कधी कुणाला बोलवत नसे. नोएलीनला हे कळलं तेव्हा तिने चहा सांडला. आयल्सा सकाळी लवकर गेली. शेताकडेच्या रस्त्याला, औषधासाठी पिकवतात ती अफूची फुलं फुलली होती. मागच्या दाराशी तिने बूट काढले आणि वाकली, तर भिंतीला खाली, जमिनीलगत, तो आरसा. आकृती दोनमधला. त्यात तिला स्वतःचे मोजे दिसले, एकाला भोक. तिने पाय उलटा करून तळवाही बघून घेतला.

आत किटली शीळ घालत होती. जॉस्लिनचा कोट खुंटीला होता. टेबलावर बेकरीची पाई, गरम, आणि दुसऱ्या टोकाला तो कॉम्प्युटर पुन्हा आपल्या जागी. कुत्रं त्याच्यासमोर बसलं होतं. त्याला तारीख कळत असावी.

मर्व्हने चष्मा लावला, घसा साफ केला आणि चुलीकडे तोंड करून मोठ्याने वाचलं. "नमस्कार जॉस्लिन. गेल्या महिन्यात आपले दोन लेख एकेचाळीस वाचकांनी उघडले. अभिनंदन."

मग तो थांबला. मुद्दाम थांबला असं नाही; त्या वाक्यानंतर थांबायची त्याला सवयच होती. तो चष्म्यावरून चुलीकडेच बघत राहिला. ही जागा दर महिन्याला अशीच रिकामी राहत असणार, हे आयल्साला त्या क्षणी समजलं. असं काही करणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्याचे शब्द आपण वापरायचे तर परवानगी लागते, हे ती आयुष्यभर लोकांना सांगत आली होती.

"त्यातला एक तूच असशील," आयल्सा म्हणाली.

मर्व्ह वळला नाही. त्याचे खांदे एकदा हलले. मग त्याने चष्मा काढला, किटली उचलली, आणि तीन कपांत चहा ओतता ओतता म्हणाला, "असणारच. नाहीतर नवरा कशाला केलास?"